झाकण

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात तोंड बघता यायचं. आता मला पोचे आले आहेत आणि रूपाच्या नावानं आनंदीआनंद आहे.

आईने मला गोट्यासाठी घेतलं. गोट्या तिचा पहिला मुलगा, भारी खोडकर. बाबा शिंपी होते. खाऊ संपला की गोट्या त्यांच्या दुकानातली बटणं माझ्यात भरून खुळखुळ वाजवायचा. बाबा रागवायचे, पण हसू दाबून.

एकदा गोट्याला उलट्या सुरू झाल्या. आईने उकडलेला बटाटा कुस्करून माझ्यात आणला. बाबा म्हणाले, "राहू दे. आज पोटाला आराम देऊ."

माझं झाकण त्यांनीच लावलं. लहानपणी त्यांच्यावरही हाच उपाय झाला होता, आणि त्यामागे मायाच होती. दुपारी गोट्या निपचित पडला. त्याचा डोळा लागलाय, उठवू नका, असं बाबा सगळ्यांना बजावत राहिले. तो पुन्हा उठलाच नाही. माझ्या पोटात अन्न होतं आणि त्याचं पोट रिकामं होतं. मित्रांनो, हे दुःख मला अजून पेलत नाही.

मग मी माळ्यावर धूळ खात पडलो. चिमी, गोट्याची बहीण, जन्मली. तिचं रक्त तपासलं तेव्हा तिलाही गोट्याचाच आजार असल्याचा उलगडा झाला, आणि आईने मला खाली काढलं. दवाखान्यात मी पिशवीतच होतो. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की पोट रिकामं झालं की शरीर साठवलेल्या चरबीवर भागवतं, पण या मुलांना जन्मतःच ते जमत नाही. म्हणून चिमीला उपाशी ठेवायचं नाही, तेलतूप सांगू तेवढंच द्यायचं, आणि खाणं पोटात ठरेना तर तडक दवाखाना गाठायचा.

बाबांनी विचारलं, "त्या दिवशी बटाटा दिला असता तर?"

बाई "तुम्हाला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

चिमी शाळेत जाऊ लागली. मैत्रिणी तिला खादाड म्हणायच्या, तरी ती वेळेवर मला उघडायची. गेल्या थंडीत मात्र ती तापाने फणफणली. बाबा शिवण अर्धी टाकून धावत आले, मला मांडीवर घेऊन चमचा चमचा भरवू लागले. घास उलटून पडू लागले, तसं त्यांनी तिला उचललं आणि दवाखाना गाठला. साखरेच्या सलाईनवर ती तरली.

मित्रांनो, मला घासून लखलखीत ठेवा, असं माझं म्हणणं नाही. पण तुमच्या ओळखीत असं मूल असेल, तर त्याचा डबा कधी रिकामा ठेवू नका. कुणी चिडवलं तर त्याची बाजू घ्या.

चिमी पुन्हा शाळेत निघाली तेव्हा आईने मला भरलं. बाबांनी झाकण हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले.

"तूच लाव," ते आईला म्हणाले.