आधीचा

“त्याले शेंदूर लावाचा असन, तं पयले मले लावा!” असं म्हणत मनकर्णाबाई वांग्याच्या वाफ्यातून तशीच चिखलाच्या पायांनी आली आणि पाटलाच्या हातातल्या वाटीपुढे उभी राहिली.

पंजाबराव पाटील दोन पावलं मागे सरला. पाठीशी टाळकरी होते, गावातली पाचपन्नास माणसं होती. त्यांच्यादेखत माळणीने वाट अडवावी म्हणजे काय! त्याने मिशीवरून हात फिरवला.

“बाजूले हो, मनकर्णे. देव हाय तो. मारुती सपनात आला माह्या. म्हने, मले उघड्यावर काहून ठेवलं?”

“वा वा! इतके वर्सं मी पानी घालून राह्यली, अन् सपनात तुमच्या? त्याले माह्या सपनाची वाट नाई सापडली वाटते.”

टाळकऱ्यांपैकी दोघंतिघं फिस्सकन हसले. पाटलाने मान वळवली तशी त्यांनी टाळांच्या दोऱ्या तपासायला घेतल्या.

मनकर्णाबाईच्या नवऱ्याचा, चंपत माळ्याचा हा मळा कारंज्याहून कामरगावकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागून होता. विहिरीजवळ लिंबाखाली ‘तो’ होता. बसलेल्या म्हशीएवढा, काळा, अंगावर बारीक बारीक छिद्रं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो दगडच वाटे. मनकर्णाबाई त्याच्यावर पाणी ओतते म्हणजे पूजाच करत असणार, असं गाव धरून चाललं होतं. आणि पंजाबरावाचं खरं दुखणं वेगळंच होतं. कारंज्याला देवळंच देवळं, मंगरूळला पीर, कामरगावला बाजार. त्याच्या गावाला नाव घ्यावं असं काहीही नाही. पाव्हणे येत, त्याच्या बैठकीत पान खात आणि विचारत, “तुमच्याकडे पाहाले काय हाय, पाटील?” त्याचा जीव जळायचा. गावाला जत्रा पाहिजे होती, आणि जत्रेला देव.

“देव नाई तो,” मनकर्णाबाई म्हणाली. “जिता हाय. आंगानं पानी पेते. तेल अन् शेंदूर थापला, तं घुसमटून मरन. खोटं वाटत असन तं हात ठेवा. पन उचलू नका लवकर.”

पाटलाने लोकांकडे पाहिलं, हसला, आणि तळहात टेकवून लगेच उचलला. “थंडगार गोटा हाय!”

“उचलू नका म्हनलं ना मी!”

“मले शिकवू नको. हनुमान जयंतीले शेंदूर लागन म्हंजे लागन!” वाटी घेऊन तो फिरला. टाळ न वाजताच परत गेले.

मनकर्णाबाई नवी नवरी म्हणून या मळ्यात आली, तेव्हा चुलीपाशी नेण्याआधी सासूने, तुळसाबाईने, तिला लिंबाखाली आणलं होतं. पोर ती. सवयीने वाकून नमस्कार करायला गेली, तर सासूने दंड धरून उभी केली.

“पाया पडू नको. देव नाई हा. याले नवस बोलू नको, याले काही मांगू नको. रोज दोन घागरी पानी दे, अन् तेलातुपाचा हात लावू नको. बस.”

“मंग हाय तरी कोन?”

“आधीचा. मानसाच्या बी आधीचा. ठेव हात.”

तिने हात ठेवला. बराच वेळ काही नाही. उचलावा की काय, असं मनात येतं न येतं तोच खोल विहिरीत मोट आदळावी तसा एक ठोका तळहाताला लागला आणि समोरचा मळा गेला. लिंब गेला, सासू गेली. चुलीतल्या निखाऱ्यासारखी लाल धगधगती भुई, वर आभाळात एक सोडून दोन सूर्य. त्या निखाऱ्यावरून असे काळे थोराड आधीचे रांगेने चालले होते. एकेक जण थांबे, जळत्या खडकाला छातीशी धरी, आणि तो उठला की तिथून पाणी उसळे. भुई निवली की ते सगळे वर उठत आणि आभाळातून पुढच्या पृथ्वीवर जात. तिथेही आग, तिथेही हेच. पृथ्व्या तरी किती! पेरणीच्या ओटीत मावू नयेत इतक्या. शेवटी आपलीच पृथ्वी दिसली. इथे एकाला उठताच आलं नाही. बाकीचे त्याच्याभोवती जमले, एकेकाने त्याला अंग लावलं, आणि निघून गेले. मग पाऊस, रानं, जनावरं, माणसं. तो तिथेच.

ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्या तोंडावर पाणी मारून सासू हसत होती.

“आत्याबाई, हे तं माळी हायेत!”

“मंग का! आपल्या आधीचे माळी. त्याईचा मानूस मांगं राह्यला, त्याले पानी आपुन नाई द्यावं तं कोनं?”

एवढाच काय तो संसाराचा पहिला धडा. तेव्हापासून तिचा दिवस त्याच्यापासून सुरू होई. ओतलेली घागर त्याच्या अंगात जिरून जाई, थेंब मातीला लागत नसे. ओल्या अंगावर वांग्याच्या पानासारख्या शिरा उमटत आणि हळूहळू सरकत. मानमोडीच्या तापात तिची एकुलती लेक सुंदर उभ्या उभ्या गेली. त्या दिवशी मनकर्णाबाई लिंबाखाली आली आणि दोन्ही हातांनी त्याला बडवत सुटली. “एवढं आभाळ फिरून आले तुमी, अन् एका लेकराचा ताप नाई उतरवता आला?” हात काळेनिळे होईतो तिने त्याला झोडलं. मग विहिरीवर गेली आणि त्याचं पाणी घेऊन आली. मागायला सासूची मनाई होती, भांडायला नव्हती. आणि आधीचा दिवसभर कढत राहिला, तिच्या लेकीचं अंग होतं तसाच.

चंपत बिचारा गरीब गाय. बायको कोणाला पाणी घालते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. ते बायकांचं काम. पण पाटलाने फतवा काढला, त्याच्या मळ्यातली भाजी घ्यायची नाही, त्याला विस्तव द्यायचा नाही, आणि चंपतचा धीर सुटला.

“लावू दे ना वं बोटभर शेंदूर,” तो म्हणाला. “तुले काय करा लागते? गावाशी वैर घेऊन कुठी जाशीन?”

मनकर्णाबाईने त्याचं मनगट धरलं, लिंबाखाली नेलं आणि त्याचा तळहात त्या काळ्या अंगावर दाबून धरला. चंपत कुरकुरला, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. मग एकाएकी गप्प. डोळे उघडे, पण समोरचं काही दिसत नसलेले. भानावर आला तो लेकरासारखा रडू लागला.

“एकट्याले टाकून गेले वं त्याले...”

“हो.”

“मले आधी काहून नाई सांगितलं?”

“तुमी इचारलं कधी?” ती म्हणाली, आणि पदराने त्याचे डोळे पुसले.

हनुमान जयंतीला सकाळीच गाव आलं. पाटील या वेळी हुशारीने आला होता. मनकर्णाबाईला धरायला चार धडधाकट बाया सोबत आणल्या होत्या. चंपत दोन्ही हात पसरून लिंबाखाली आडवा उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाला आडवा आला होता. गड्यांनी त्याला उचलून गवारीत भिरकावला. “बजरंगबली की जय!” झाली, आणि तेलात कालवलेला शेंदूर पंजाबरावाने हंड्याने ओतला. जो तो पुढे होऊन थापू लागला. छिद्र न् छिद्र बुजलं.

अगोदर काही झालं नाही. मग भुई थरथरली. दांडातलं पाणी उडालं, लिंबाचा पाला झडझडून खाली आला. शेंदराखालून घरघर ऐकू आली, जात्यात खडा अडकावा तशी.

“देव जागा झाला!” पाटील ओरडला. “पावला! पावला!”

गावाने भुईवर लोटांगण घातलं. ढोल दुप्पट वाजू लागला. कोणी नाचत होतं, कोणाच्या अंगात आलं होतं. आणि मनकर्णाबाई बायांच्या हातांत हिसके देत किंचाळत होती.

“अरे मरून राह्यला तो! पंजाबराव, तुह्या नाकातोंडात कोनी तेल ओतलं तं तू बी असाच तडफडशीन! तवा नाचशीन का रे तू? नाचशीन का?”

पाटलाला गावात अरे-तुरे करणारं माणूस उरलं नव्हतं. पण ढोलात ते त्याला ऐकूच आलं नाही. धरणाऱ्या बायांना मात्र देव पावल्याचं ऐकू आलं, आणि त्यांनी हात जोडले. हात जोडायचे म्हणजे तिला सोडावं लागलंच. ती सुटली ती सरळ चुलीकडे. राखेचं टोपलं आणि काथ्या घेऊन आली आणि सगळ्या गावासमोर देवाच्या अंगावरचा शेंदूर खसाखसा घासून काढू लागली.

ढोल थांबला. असलं कोणी पाहिलं नव्हतं. तिला हात लावायला मात्र एकही पुढे झाला नाही. थरथरणाऱ्या देवाजवळ जायची छाती कोणाची होती? गवारीतून लंगडत उठलेला चंपत तेवढा कढत पाण्याची घागर घेऊन आला आणि बायकोशेजारी घासायला बसला.

“पाप लागन तुमाले!” पाटील म्हणाला.

“लागू द्या,” चंपत म्हणाला. तोंडातून ते निघालं कसं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दुपार झाली, संध्याकाळ झाली. अंग पुन्हा काळं दिसू लागलं, थरथर थांबली. पण तेल छिद्रांतून खोल उतरलं होतं. तिथवर काथ्या काय पोचणार! दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाईने घागर ओतली तर पाणी त्याच्या अंगावरून ओघळलं आणि वांग्याच्या वाफ्यात गेलं. तिने तळहात ठेवला. लिंबाची सावली एका अंगाची दुसऱ्या अंगाला गेली, तरी तिने तो उचलला नाही. मग उचलला.

गावाने तिला वाळीत टाकलं ते टाकलंच. देव कोपून गेला, आता विहीर आटणार, असं पाटलाने सांगितलं. विहीर आटली नाही. बांधापलीकडची रंगूबाई चोरून विचारपूस करायला आली आणि तिला रडताना पाहून बुचकळ्यात पडली.

“पानी तं हाय वं तसंच. मंग रडते कायले?”

“पान्यासाठी सांभाळला व्हता का मी त्याले?” मनकर्णाबाई उसळून म्हणाली. रंगूबाई बांध ओलांडून निघून गेली.

मग तिने चंपतला सांगितलं, त्याचा दहावा करायचा.

“ब्राह्मन येनार नाई, न्हावी येनार नाई,” चंपत म्हणाला.

“कावळा तं येईन? त्याले नाई ना टाकलं कोनं वाळीत?”

दहाव्याला चंपतने स्वतःच्या हाताने मिशी उतरवली. दोन ठिकाणी कापून घेतलं. विहिरीवर अंघोळ केली, लिंबाखाली पत्रावळ मांडली, भाताचा पिंड ठेवला. बातमी फुटलीच. गाडीवाटेवर माणसं जमली. दगडाचा दहावा! हसू येत होतं, पण मोठ्याने हसवतही नव्हतं. पंजाबरावही येऊन मागे उभा राहिला.

कावळे लिंबावर बसले होते. माना वाकड्या करून पाहत होते. उतरत नव्हते.

“विहिरीच्या झऱ्याले धक्का लागू देनार नाई,” चंपत हात जोडून म्हणाला. कावळे बसलेलेच. “तुह्या आंगाले कोनाचं बोट लागू देनार नाई.” एक उडाला आणि दुसऱ्या फांदीवर बसला. ऊन वर आलं. चंपतला घाम फुटला.

“दर्भाचा कावळा करा अन् शिववा,” वाटेवरून पाटील म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. त्यालाही बहुतेक आता पाहवत नव्हतं.

“खोटा कावळा नाई चालनार,” मनकर्णाबाई म्हणाली.

ती उठली. पिंडाकडे नाही, त्याच्याकडेही नाही, सरळ वर पाहू लागली. चैत्राचं आभाळ पांढरं तापलेलं होतं.

“तुले टाकून गेले त्याईच्यासाठी अडून बसला ना तू? मले मालूम हाय. आजवर तुले काही मांगलं नाई, अन् तुले काय पायजे ते बी इचारलं नाई. आता आइक. ते येतीन तवा मी असन नाई तं नसन, पन हितं कोनी ना कोनी असन, त्याले मी सांगून ठेवन. त्याईले हितंच उभं करून इचाराचं. आभाळभर पानी वाटत फिरले, तं आपल्या मानसाले घोटभर पाजाले एक जन मांगं राहू नये? लाज नाई वाटली? जवाब घेतल्याबिगर त्याईले या मळ्यातून जाऊ देनार नाई. मंग कितीबी मोठे असोत!”

वाटेवर पाटलाने मान खाली घातली होती.

एक म्हातारा कावळा, पिसं विस्कटलेला, लिंबावरून खाली आला. पत्रावळीभोवती फिरला आणि भाताला चोच लावली. चंपतने तोंडावर हात घेतले.

मनकर्णाबाई बराच वेळ वरच पाहत राहिली. मग तिने पदर खोचला आणि आणखी भात आणायला घरात गेली. कावळे आता पुष्कळ जमले होते.