खिडकीपासून दारापर्यंत

चौसष्ट साली नगरपालिकेनं घरोघरच्या नळांना मीटर बसवले आणि गावातल्या चार शहाण्यांना एकाएकी स्वातंत्र्याची आठवण झाली. मीटर पुढं गंजून बंद पडले, पण तोवर चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या माडीत ‘मुक्त विचार मंडळ’ जोरात सुरू झालं होतं.

चष्मेवाल्याला सगळे दादाच म्हणत. त्याची धाकटी बहीण दुकानामागच्या खोलीत काचा घासायची. फिरत्या चाकावर काच धरायची, पाण्याची बारीक धार सोडायची आणि बोटाच्या पेरानं कड चाचपत राहायची. तिनं बसवलेली काच कधी निखळली नाही. दादानं बसवलेली गिऱ्हाईक कोपऱ्यावर पोचेपर्यंत टिकली तर नशीब. आईच्या मागं त्यानंच तिला वाढवलं, शिकवलं, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावलं. त्याच्यावर तिचा फार जीव होता. पंचाईत तीच होती.

मंडळाची रीत अशी. शनिवारी संध्याकाळी माडीच्या फरशीवर खिडकीपासून दारापर्यंत खडूची रेघ ओढायची. खिडकीकडचं टोक म्हणजे सरकार मुळीच नको. दाराकडचं टोक म्हणजे असू दे बापडं, पण पोलीस, कोर्ट आणि रस्ते एवढंच बघावं, उगाच नाक खुपसू नये. ज्याला जिथं पटेल तिथं त्यानं उभं राहायचं. मतदान नाही, कारण बहुमत म्हणजे जुलूम. नियम एकच, तोही राजीखुशीनं केलेला करार: सगळ्यांचं बोलून होईपर्यंत कुणी आपली जागा सोडायची नाही. हा करार दादानंच करवून घेतला होता, कारण दंतवैद्य स्वतःचं बोलून झालं की चहाच्या निमित्तानं सटकायचा.

दादा खिडकीला पाठ टेकून उभा असे. त्याच्या पलीकडं नुसता रस्ताच. दंतवैद्य मधोमध, पण गटार तुंबलं की त्या आठवड्यात दाराकडं सरकायचा. घरमालक कराचा विषय निघाला की खिडकीशी आणि भाडेकरूंचा निघाला की दाराशी, म्हणून त्याला सगळे लंबक म्हणत. अगदी दारात निवृत्त फौजदार. “सरकार पाहिजे,” तो म्हणायचा, “फक्त माझ्या साहेबासारखं नको.” दादाची बायको, म्हणजे वहिनी, चहा घेऊन रेघ ओलांडत येजा करायची. ती कुठं उभी राहील, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी काचा पुरवणाऱ्या व्यापाऱ्यानं धाकटीचं काम पाहिलं आणि दूरच्या शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात तिच्यासाठी शब्द टाकला. तिथल्या चष्म्यांच्या कारखान्यात जागा होती, बायकांच्या वसतिगृहात खोली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर दुसरं कुणी.

“दादा, मी शनिवारच्या मोटारीनं जाते.”

“तू स्वतंत्र आहेस, बाळ. या घरात तुला कुणी कधी अडवलंय? फक्त जायचं नाही.”

वहिनी कपबशा विसळत होती. “अहो, मग ती स्वतंत्र आहे हे कळायचं कसं?”

“तुला त्यातलं काही कळत नाही.”

“नाही कसं? दर रविवारी तुमची रेघ मीच पुसते.”

धाकटी हसली नाही. मागंही एकदा ती अशीच निघाली होती. तेव्हा दादा मोटारस्टँडवर आला होता. ओरडला नाही, रागावला नाही. तिची बॅग उचलून घराकडं चालू लागला, आणि बॅगेमागून ती. डोळ्यांत पाणी आणून बॅग धरलेल्या दादाला नाही म्हणणं तिला आजवर जमलं नव्हतं, यापुढंही जमणार नव्हतं. तो स्टँडवर आला की संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी मंडळ जमलं, रेघ ओढून झाली, तशी ती पदराला हात पुसत वर आली. “मला एक शंका आहे. विचारू का?”

दंतवैद्य खूश झाला. “विचारा की, ताई! शंका म्हणजे मंडळाचा प्राण.”

“सज्ञान बहिणीला नोकरीला जायचंय आणि थोरला भाऊ नाही म्हणतोय. तर भाऊ हा सरकार धरायचा की नाही?”

चौघंही एकदम बोलू लागले. असा प्रश्न वर्षभरात पडला नव्हता. मीटरच्या मानानं तर फारच सुंदर. फौजदारानं काठी आपटली, “आधी जागा घ्या!” आणि जो तो आपापल्या ठिकाणी गेला. दादा खिडकीशी गेला. चेहरा उतरला होता, पण गेला.

“चालू द्या तुमचं,” धाकटी म्हणाली आणि जिना उतरली. खाली मागच्या दारात वहिनी बॅग घेऊन उभी होती.

“पळा, वन्सं. दंतवैद्यांनी मूळ व्याख्येपासून सुरुवात केलीय.”

स्टँड समोरच होता. मोटार उभी होती, चालक पायरीवर बसून विडी ओढत होता. आत बसून धाकटीनं वर पाहिलं. खिडकीत दादा होता, आता तोंड रस्त्याकडं केलेला. जवळचं त्याला धड दिसत नसे, लांबचं मात्र लख्ख दिसे. त्यानं तिला पाहिलं. जिना उतरून रस्ता ओलांडला की झालं. ती बॅग मांडीवर घट्ट धरून बसली.

वर काय झालं ते वहिनीनं नंतर सांगितलं. घरमालक म्हणाला, “अरे, जा ना! एकदा मोडला करार तर कुणाचं काय बिघडतं?”

“कुणाचं नाही,” दादा म्हणाला. “पण मग मी इथं उभा कशाला राहिलो इतके दिवस?”

दंतवैद्याचं संपलं, घरमालकाचं संपलं. उरला फौजदार. त्यानं खिडकीतून मोटार पाहिली, घसा खाकरला आणि नोकरीतल्या पहिल्या बदलीपासून सुरुवात केली.

“फौजदारसाहेब, आटपा हो,” दादा म्हणाला.

“करार आहे, दादा. माझं बोलून व्हायचंय.”

तो तिसऱ्या बदलीवर असताना मोटार सुटली. दादानं हात वर केला. निरोपाला की थांबवायला, हे धाकटीला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं मात्र हात हलवला.

मंडळ त्यानंतर फार चाललं नाही. दंतवैद्य नगरपालिकेवर निवडून आला आणि गटारांसाठी त्यानं नवा कर बसवला. घरमालकाचा भाडेकरूंशी दावा त्याच्यापेक्षा जास्त जगला. फौजदार झोपेत गेला. धाकटी इस्पितळाच्या कारखान्याची प्रमुख झाली. हाताखालच्या मुलींना तिचा असा धाक की एकीला रजा मागायची तर तिघी मिळून जात. लग्न तिनं उशिरा केलं, एका अबोल कंपाउंडरशी. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, “मी बहिणीला अडवलं नाही. माझं तत्त्वच होतं ते.” धाकटीनं हे कधी खोडून काढलं नाही. काढायचं म्हटलं तरी ते अगदीच खोटं नव्हतं.

काचा घासायला कुणी उरलं नाही म्हणून वहिनी त्या चाकावर बसली आणि वर्षभरात तिचा हात नणंदेइतका बसला. दादाच्या मागं दुकान तिनंच चालवलं. मनात आलं की फळी लावायची आणि नणंदेकडं जाऊन चार दिवस राहायची. गिऱ्हाइकं ताटकळत. कधी येणार, हे ती कुणाला सांगून जात नसे.