होडीतला काळा चमचा

धक्क्यावर ही गर्दी! हातातली कामं टाकून माणसं धावली होती, कारण घासूनपुसून शिडाच्या होडीत ठेवलेला चांदीचा चमचा काळाठिक्कर होऊन बाहेर आला होता. भूत उतरवायला बोलावलेल्या दर्याबाबाने तो उंच धरला.

"पाहा! बुडालेल्या माणसाचा श्वास! या घरच्या सुनेच्या अंगात शिरलाय. ती होडीत राहायला आली आणि हा कुजका वास सुरू झाला. खरं की खोटं?"

खरंच होतं. पण लग्नानंतर घरच होडीत थाटलं, म्हणजे होडीतला संडासही तेव्हापासून रोज वापरात आला, हे कुणाच्या डोक्यात येईल तर शपथ!

सून तेव्हा खाली केबिनमध्ये होती. वर उघडणाऱ्या दाराच्या झडपेला बाहेरून कडी, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. संध्याकाळपर्यंत आत बसून भूत घालवायचं, नाही गेलं तर तिची माहेरी रवानगी, तीही कायमची. बाबाच्या या निवाड्याला नवऱ्याने मुकाट मान डोलावली होती. बाबापेक्षा तिला त्याचाच राग आला.

डोकं ठणकायला लागलं. तिने झडपेवर मुठी आपटल्या. "उघडा! जीव गुदमरतोय माझा!"

"ऐकलंत? तो बोलतोय," वरून बाबा गरजला. "कडीला कुणी हात लावू नका!"

ओरडली तर भूत बोलतंय, गप्प बसली तर भूत दबा धरून बसलंय. इकडे आड, तिकडे विहीर! तिला रडू कोसळलं.

नुसतं बसवेना. हाताला चाळा म्हणून तिने थर्मासमधलं गरम पाणी धुतलेल्या फडक्यावर ओतलं आणि दिसेल ते पुसत सुटली. पुसता पुसता पलंगाखालच्या नळीवर आली, तिथे दुसरं धुतलेलं फडकं गरम पाण्यात भिजवून घेतलं. संडासातला मैला टाकीत नेणारी ही नळी नवऱ्याने स्वतः बसवलेली, साधी पाण्याची. 'टाकी बघ रे,' असं तिने दहादा सांगितलं होतं. प्रत्येक वेळी तो सांध्यावर बोट फिरवायचा. "कोरडं आहे! थेंब गळत नाही." एकदा वरून फटी बुजवायचं सीलंट फासलं आणि मोकळा झाला.

तिने फडकं नाकाशी नेलं. तोच वास!

आता ती ओरडली नाही. खिडकीतली चिंधी ढकलून तिने हळूच हाक मारली, "आई."

सासू तिथेच उभी होती, रडवेली. सुनेने फटीतून फडकं बाहेर सरकवलं.

"हे फडकं सकाळी तुम्हीच धुतलंत ना? याने फक्त पलंगाखालची नळी पुसली. वास घ्या."

"अगं बाई! हा तर तोच!"

सासू तरातरा झडपेकडे निघाली. बाबा आडवा आला. "कडी काढलीस तर मुलगा गमावशील!"

सासूचे पाय थबकले. एकुलता एक मुलगा. आतून सून खोकली.

"मुलगा माझा, आणि आत आहे तीही माझीच. सरका!"

कडी निघाली. सून धडपडत वर आली आणि धक्क्यावर बसून घटाघट पाणी प्यावं तशी हवा पीत राहिली.

गोदीतल्या फिटरबाईने नळी कापून काढली. "पाणी गळत नाही, पण वायू बाहेर येतो! मैल्याचा वायू असल्या नळीतून आरपार झिरपतो. सांधा न उघडता वरून फासलेलं सीलंट काय करणार? त्याच वायूने चांदी काळी पडते, डोकं ठणकतं. कोंडलेल्या जागेत फार साठला तर माणूस मरतो. आणि हे बाबांना पक्कं ठाऊक आहे. पूर्वी आमच्याच गोदीत टाक्या उपसायचे ते!"

"तुला काय कळतं दर्यातलं!" बाबा कडाडला.

"मग बसा खाली. मी कडी लावते," सासू म्हणाली. बाबाला अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

नळीचा तुकडा आणि घासून लख्ख केलेला एक चांदीचा चमचा बरणीत बंद केला, तसाच दुसरा सुनेजवळ दिला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पाहिलं, तर बरणीतला काळा, तिच्याजवळचा लख्ख.

नवऱ्याने मैल्यासाठीची जाड नळी आणली, प्रत्येक सांध्याला दोन-दोन क्लिपा आवळल्या आणि खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं."

"नळीचं चुकलं, ते समजू शकते," ती म्हणाली. "पण मी ओरडत होते तेव्हा तू कडीपासून दोन पावलांवर होतास."

त्याने हातातला पान्हा खाली ठेवला. तुम्ही-आम्ही तिथे असतो, तर कडी काढली असती का? वास आला तर नळी तपासा, चमत्कार दिसला तर कारण विचारा. आणि आतून कुणी 'उघडा' म्हणत असेल, तर आधी कडी काढा. खरं-खोटं नंतरही करता येतं, गेलेला जीव परत आणता येत नाही.