ठिपक्याचा वळू

तेव्हा संध्याकाळी आमच्या गावात गाई परतायच्या आणि मला झोपेत असल्यासारखं वाटायचं. धुळीतून एकच गाय पुन्हा पुन्हा यायची. तेच पांढरं अंग, कपाळावर तोच काळा ठिपका, मान हलवायची तीच तऱ्हा. पोळ्याला तर लोक एकमेकांचे बैल घरी नेत आणि वर भांडत.

ही सगळी करणी माझ्या सासऱ्यांची, पुंजाराममामांची. त्यांच्या गोठ्यात जन्मलेला, तसाच पांढरा न् ठिपक्याचा राजा त्यांनी देवाच्या नावानं गावाला वळू म्हणून सोडला होता. ठिपका नसलेला एकही गोऱ्हा ते राखू देत नसत, सगळे खच्ची. दहा वर्षं हेच चाललं. गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं, आणि मी तर सून.

आमच्या गौरीची दोन वासरं लागोपाठ गेली. दुसरं तर उभंच राहिलं नाही. मी बोटानं त्याच्या तोंडात चीक सोडत बसले होते. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, राजा हिचा बाप बी हाय अन् आजा बी. रक्त तिथल्या तिथंच फिरून राह्यलं. तिसरं बी असंच जाईल."

गौरी माजावर आली त्या दिवशी कुंभार पिंपळगावच्या बाजाराला मामा गेले होते. मी दावं सोडलं आणि तिला चालवत जांब समर्थला नेलं. तिथं एक लाल, बुटका, बेढब वळू होता. वाटेत कपाशी फुटलेली, ऊन मऊ. गौरीचे पाय जमिनीला टेकत नाहीत असं वाटत होतं. भीती होतीच, पण खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती.

मामांना कळलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनात. ताट वाढलं की तोंड भिंतीकडे.

श्रावणात गौरी व्याली. लाल कालवड, कपाळ कोरं. धडपडली, पडली, पुन्हा उठली आणि आपणहून सडाला लागली. मामा दारात उभे राहून तिचं पिणं बघत होते. मग तिथंच खाली बसले.

"शिवकन्ये," ते म्हणाले, "ती दोन वासरं म्याच मारली गं. माह्या हौसेपायी."

"न्हाई मामा," असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते खरं होतं, म्हणून नुसती त्यांच्याजवळ बसले.