किळस : अर्थ आणि उपयोग

मित्रांनो, भोरच्या एका अध्यापक विद्यालयाच्या कपाटात पडलेला जाडजूड शब्दकोश, तो मी. पुण्याच्या छापखान्यात जन्मलो आणि एस.टी.च्या टपावरून इथे आलो. तेव्हा माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरे होती. शिकाऊ शिक्षक हात धुऊन मला उघडत. पुढे थुंकी लावलेली बोटे माझ्या पानांवरून फिरू लागली. कुणी तपकीर सांडली, कुणी माझ्यातच ढेकूण चिरडला. त्याचा वास अजून जात नाही. पण त्याहून घाण गोष्ट मी एकदाच पाहिली.

साल एकोणीसशे एकोणसत्तर. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात कामथडीकडची सोजरा होती, बौद्ध घरातली. तिच्या घराण्यात मास्तरीण होऊ घातलेली ती पहिलीच. एका दुपारी वर्गातला पाण्याचा माठ रिकामा दिसला म्हणून तिने विहिरीवरून घागर आणून तो भरला. वर्गातल्या ज्ञानूने ते पाहिले. त्याने माठ उचलला, पायरीवर पालथा केला आणि आतून फडक्याने पुसून घेतला. मराठी शिकवणारे बाजीराव गुरुजी दारातच उभे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि ते आत निघून गेले. मी टेबलावर होतो. मला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी शब्दांचा तास होता. आपल्या आवडीचा शब्द निवडायचा, माझ्यातून अर्थ वाचायचा आणि वाक्यात उपयोग करायचा. सोजरा उठली.

"किळस," तिने वाचले, "म्हणजे घाण पाहून मनाला येणारी शिसारी."

"वाक्य सांगा," गुरुजी म्हणाले.

"म्या भरलेलं पाणी ज्ञानूनं ओतून दिलं, तवा मला त्याची किळस आली."

ज्ञानू उठला. "गुरुजी, वाक्य चुकलंय. किळस घाणीची येती. पाणी तर चांगलं स्वच्छ हुतं."

"मग वतलंस कशापायी?" सोजराने विचारले.

ज्ञानू खाली बसला.

"दुसरं वाक्य हाय," सोजरा म्हणाली. तिच्या सरावपाठांचे गुण याच गुरुजींच्या हातात होते. "गुरुजींनी समदं बघितलं आन् काईच बोलले न्हाईत, त्याचीबी मला किळस आली."

आता हिला वर्गाबाहेर काढणार, असे मला वाटले. गुरुजी तिच्याजवळ आले. मग त्यांनी खिशातले पेन काढून तिच्यापुढे धरले.

"दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, सोजराबाई. कोशाच्या समासात लिहून ठेवा. पुढच्या वर्गाला लागतील."

तिने इतके दाबून लिहिले, की शाई मागच्या पानावर उतरली.

ज्ञानू चार दिवस वर्गात पाणी प्यायला नाही. पाचव्या दिवशी सोजराने भरलेल्या माठात त्याने पेला बुडवला आणि तिच्याकडे पाहिले. ती फळ्यावरचे उतरवून घेत होती. तिने मान वर केली नाही. पुढे ती वेल्ह्याच्या बाजूला शिक्षिका झाली, एवढेच माझ्या कानावर आले.

मित्रांनो, नवे कोश आल्यावर मला कुणी हात लावला नाही. आता वाळवी पुठ्ठ्यापर्यंत आली आहे. मला एकदा उन्हात ठेवा, झटकून घ्या. बाकीचे शब्द तुम्हाला दुसऱ्या कोशातही सापडतील. ती दोन वाक्ये मात्र माझ्याशिवाय कुणाकडे नाहीत.