खोली क्रमांक दहा लाख एक

आमच्या संख्या वर्गीकरण कार्यालयाचा नियम साधा आहे. खोलीचा नंबर मूळ संख्या असेल तर तिथे एकच माणूस राहणार, कारण मूळ संख्येला एकाशिवाय आणि तिच्या स्वतःशिवाय कोणाने भाग जात नाही. संयुक्त असेल तर जितके मूळ अवयव तितकी माणसं. नियम कोणाच्या डोक्यातून निघाला ते मला विचारू नका, मी फक्त शिक्के मारते.

शिंपीकाकांची खोली दहा लाख एक. कागदोपत्री मूळ. लग्नाला तीस वर्षं झाली आणि बायको तीस वर्षं तिच्या भावाकडे. दर वर्षी काका अर्ज करायचे, 'कृपया संख्या पुन्हा तपासावी', आणि दर वर्षी मी तो फेटाळायचे. माणूस इतका गरीब स्वभावाचा, की फेटाळल्यावर आभार मानायचा.

काल मात्र काकूही आल्या. भाऊ गाव सोडून चालला होता. पाचच्या आत खोली संयुक्त असल्याचा दाखला मिळाला नाही तर काकूंनाही त्याच्याबरोबर जावं लागणार होतं, दोन दिवसांच्या वाटेवर. त्यांनी खिडकीत बॅग आदळली. "मी इथून हलणार नाही."

"अहो काकू, तपासलेली संख्या आहे ती!" मी फाईल उघडून दाखवली. "दोनाने, तिनाने, पाचाने, पार सत्त्याण्णवाने भागून पाहिलंय. पंचवीस ओळी, पंचवीस मूळ संख्या. एकीनेही भाग जात नाही."

"सत्त्याण्णवानंतर?"

"नंतर काही नाही. फॉर्म संपतो."

"फॉर्म संपला हो. आकडे संपले का?"

माझं डोकंच फिरलं. एवढी वर्षं नोकरी केली, आता ही बाई मला भागाकार शिकवणार! रागारागात कागद उलटला आणि कोऱ्या बाजूवर पुढची मूळ संख्या लिहिली, एकशे एक. भागायला घेतलं. नऊ, नऊ, शून्य, एक. बाकी शून्य.

पुन्हा केलं. शून्यच. नऊ हजार नऊशे एक आणखी फुटतात का, तेही पाहिलं. नाही फुटत. तेवढ्या संख्येला मात्र फॉर्मच्या पंचवीस ओळी पुरल्या.

"खाली सही कोणाची आहे?" काकूंनी विचारलं.

जुने हेडक्लार्क वारलेत, त्यांच्यावर ढकलता आलं असतं. पण जीभ रेटेना. "माझीच. नोकरीतला पहिला आठवडा होता. चुकलं माझं, काकू."

काका म्हणाले, "आभारी आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचला दहा मिनिटं होती. साहेबांनी फाईल पाहिली. "दोन अवयव, दोन माणसं. कोण कुठला अवयव ते लिहून घ्या, त्याशिवाय शिक्का नाही."

"नऊ हजार नऊशे एक हिला लिहा," काका लगेच म्हणाले. "मोठा मान तिचा."

"म्हणजे मी जाडी?"

"अगं, तसं नाही..."

"मग कसं? मी नऊ हजारांचा पसारा आवरायचा, आणि हे एकशे एक होऊन बसणार आरामात!"

"मी कधी बसलो आरामात?"

"मला काय माहीत! पाहिलंय का मी कधी?"

पाच वाजले. साहेब शटर ओढायला आले. "त्यांना म्हणावं, भांडण संपवून उद्या या."

मी शटरखाली माझं स्टूल सरकवलं. "संपवून? साहेब, तीस वर्षांचं तुंबलंय ते. आत्ता कुठे सुरू झालंय!"

आकडे माझ्या मनाने भरले आणि शिक्का मारला. दाखला हातात पडला तरी त्यांचं चालूच होतं. तसेच भांडत दोघं घरी गेले.