पारोशा तोंडानं

कीर्तनकार रुपरावबुवांचा घसा बसला तो ऐन चैत्र लागायच्या सुमारास. रामाचं नवरात्र तोंडावर आलेलं, महाल भागातल्या देवळापुढे मांडव पडलेला, आणि बुवांचा आवाज असा की घागरीत खडे हलवावेत. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली, गुण येईना. शेवटी ते म्हणाले, घशात ठाण मांडून कोण बसलंय ते आधी कळू द्या, मग नेमकं त्याच्यावरचं औषध देतो. त्यासाठी बुवांना धंतोलीतल्या एका लॅबोरेटरीत पाठवलं.

बुवा मूळचे सावनेरकडचे शेतकरी. पेरलं की उगवतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण माणसाच्या घशातलं काचेच्या बशीत पेरतात, हे ऐकून ते आपलं दुखणंच विसरले. लॅबमधली चारुलता लहानपणापासून त्यांच्या कीर्तनाला येणारी. तिनं कापूस गुंडाळलेली काडी त्यांच्या घशात फिरवली आणि बशीतल्या लाल थरावर ओढली. थर कशाचा, बुवांनी विचारलं. समुद्रातल्या शेवाळाच्या जेलीचा, ती म्हणाली, आणि लाल आहे ते मेंढीचं रक्त. हे जंतू खाण्याच्या बाबतीत भारी नखरेबाज, साध्या अन्नावर त्यांचं भागत नाही.

बुवांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. "माह्या घशात राहून रक्त मागतेत? मंग एकादशीले काय करतेत वं?"

"तुमचंच खातात, बुवा."

मग तिनं बशी पालथी करून एका बरणीत ठेवली, आत मेणबत्ती लावली आणि झाकण घट्ट बसवलं. ज्योत थोडा वेळ तगली, बारीक झाली, विझली. बुवांचे हात आपोआप जुळले होते. चारुलता हसून म्हणाली की ही पूजा नव्हे, मेणबत्ती विझल्यावर आत जी कोंदट हवा उरते ती या मंडळींना मानवते. बरणी तिनं अंगाच्या उबेइतकं गरम राहणाऱ्या कपाटात ठेवली. अन्न, ऊब, दिवा. पाहुणचारात काही कमी नाही, असं मनाशी म्हणत बुवा घरी आले.

दुसऱ्या दिवशी बशीत दोनचार ठिपके. ते कुणाच्याही तोंडात असतात, त्यांचा उपद्रव नाही. बुवा खूश झाले. नामानं धुतलेला कंठ, त्यात दुसरं काय सापडणार? चारुलतानं मात्र बशी पुन्हा उजेडात धरून पाहिली. खरा चोर सापडला नाही तर डॉक्टर औषध देणार कशावर? काल यायच्या आधी काय काय केलंत, तिनं विचारलं. बुवांनी कौतुकानं सांगितलं: राखुंडीनं दात घासले, जीभ खरवडली, तुरटीच्या पाण्यानं घसाभर गुळण्या केल्या, वर लवंग. चार लोकांपुढे तोंड उघडायचं तर एवढं नको का?

"बुवा, उद्या पारोशा तोंडानं या," ती म्हणाली. "चूळसुद्धा भरू नका."

बुवांपुढे पेच पडला. चूळ भरल्याशिवाय रामाचं नाव घ्यायचं नाही, हा त्यांच्या आईनं लावलेला नेम. म्हणजे उद्या धंतोलीपर्यंत नामाविना जायचं. घरी त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, त्यांची समजूत काढली, की एक सकाळ राम रुसणार नाही. मग त्यांनाच काहीतरी आठवलं. "पण वाटेत कोनी रामराम केला तं हो?"

आणि तसंच झालं. दूधवाल्यानं केला, न्हाव्यानं केला. तोंड उघडलं की सवयीनं रामच निघणार, म्हणून बुवा ओठ मिटून नुसते हात जोडत राहिले. कोपऱ्यावर देवळाचे पंच बाबाराव भेटले. त्यांच्याही रामरामाला उत्तर नाही म्हटल्यावर ते हबकले. अजिबातच गेला का गा आवाज, त्यांनी विचारलं. बुवांनी जोरजोरात मान हलवली. बाबारावांनी त्याचा उलटा अर्थ काढला आणि रामटेकच्या एका बुवांना निरोप धाडायला ते तरातरा निघाले. यंदाचं नवरात्र बुवांच्या डोळ्यांदेखत रस्त्यानं चाललं होतं, आणि त्यांना हाकही मारता येईना.

लॅबमध्ये चारुलता म्हणाली, आ करा. बुवांचा घसा भीतीनं आवळलेला, काडी आत जाईना. पुन्हा आ. काडी पडजिभेला लागली, बुवांचे डोळे भरले आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "रा...म." बुवा शरमेनं काळेठिक्कर पडले.

"थांबा," चारुलता म्हणाली. "आत्ता घसा चांगला उघडला. पुन्हा म्हणा."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून, पारोशा तोंडानं, पुन्हा म्हणाले.

या खेपेला बशी भरून आली. दवाच्या थेंबाएवढे ठिपके, आणि प्रत्येकाभोवती रक्त विरघळून झालेलं लख्ख वर्तुळ. त्यातलेच काही दुसऱ्या बशीत पेरून तिनं वर निरनिराळी औषधं लावलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवल्या. एका टिकलीभोवती काहीच उगवलं नाही. तेच औषध डॉक्टरांनी दिलं. बुवांचा आवाज उघडायला लागला आणि बाबारावांनी रामटेकला दुसरा निरोप धाडला.

बशीचं पुढे काय करता, बुवांनी लॅबमधून निघताना विचारलं होतं. वाफेत घालून मारावं लागतं, चारुलता म्हणाली. बुवा क्षणभर घुटमळले. इतकी कीर्तनं त्या घशात बसून ऐकलेली मंडळी ती.

रामनवमीला वरच्या पट्टीत आवाज जरा चिरकला, पण पाळणा त्यांनीच म्हटला. दुसऱ्या दिवशी पहाटे मनकर्णाबाई चुळीचा तांब्या घेऊन आल्या, तर बुवा अंथरुणातच रामनाम घेत बसलेले.

"काहून हो, चूळ नाही भरली?"

बुवांनी तांब्या हातात घेतला. "भरतो. पह्यले घशातल्या मंडळीले ऐकू दे, मंग."